डोकेदुखीला स्कॅनचा दाखला कशाला?

"एमआरआय नॉर्मल आलाय, काही नाही." वर्षानुवर्षं डोकं दुखणाऱ्या माणसाला हे सांगितलं जातं तेव्हा एका दमात दोन गोष्टी सांगून होतात. मेंदूत गाठ नाही, रक्तस्राव नाही, सूज नाही, ही पहिली. ती खरी असते आणि ती ऐकून जीव भांड्यात पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे 'काही नाही'. ती खरी नसते. पण रिपोर्टची ती मोठी पिशवी घेऊन घरी पोचेपर्यंत पहिली मागे पडते आणि दुसरीच घरभर होते. पुढच्या खेपेला बाई खोलीचे पडदे ओढून, डोक्याला ओढणी करकचून बांधून पडली, की कोणीतरी म्हणतंच, "एवढा खर्च करून तपासलं, निघालं काय?"

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हा मेंदूच्या कामकाजातला आजार आहे. स्वभावाचा दोष नाही, नाटक नाही, कामचुकारपणा नाही. गेल्या तीसेक वर्षांत मेंदूच्या अंतर्गत जोडण्यांवर जे संशोधन झालं त्याने ही गोष्ट पक्की केली आहे. त्या संशोधनाच्या बळावर आपण रुग्णाचं म्हणणं खरं मानायला शिकायला हवं. पण त्याच संशोधनाकडे आता रुग्णाकडून पुरावा मागण्याचं साधन म्हणून पाहिलं जाऊ लागलं आहे, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. आजार कसा चालतो हे स्कॅनने दाखवलं. समोरच्या माणसाला तो आहे की नाही, हे मात्र त्याच्याशी नीट बोलूनच ठरतं. सरकारी आरोग्यसेवा, नोकरीची ठिकाणं आणि शाळा-कॉलेजं, तिन्हीकडचे नियम याच पायावर बेतले पाहिजेत.

आधी 'नॉर्मल' म्हणजे काय ते पाहू. डोकेदुखीसाठी काढतात तो नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. पुण्याच्या नकाशावर सगळे रस्ते, पूल, चौक दिसतात, पण संध्याकाळी सातला कुठे गाड्या तुंबल्यात ते दिसत नाही. तसंच हे आहे. मायग्रेनमधला बिघाड रहदारीतला आहे. कोणता भाग कोणाशी, किती जोराने आणि कधी बोलतो, यातला.

ही रहदारी पाहायची सोय १९९०च्या दशकात झाली. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथला रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं, आणि तो बदल एमआरआयच्या यंत्राला टिपता येतो. १९९५ मध्ये भरत बिस्वल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधी वाटणारी गोष्ट दाखवली. माणूस यंत्रात नुसता पडून असतो, बोटही हलवत नाही, तरी डाव्या आणि उजव्या हाताची हालचाल सांभाळणारे मेंदूचे भाग एकाच लयीत वरखाली होत असतात. दोन भागांच्या अशा एकत्र हलण्यावरून त्यांच्यातल्या जोडणीचा अंदाज घेतात. मेंदूच्या जोडण्यांबद्दल आज जे असंख्य निबंध निघतात, त्यांतले बरेचसे याच कल्पनेवर उभे आहेत.

मायग्रेनपुरतं बोलायचं तर मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो २०१६ साली जर्मनीत हॅम्बुर्गला झालेला एक छोटा अभ्यास. लॉरा शुल्टे आणि आर्ने माय यांनी मायग्रेन असलेल्या एका स्त्रीचा ओळीने ३० दिवस रोज स्कॅन केला. स्कॅन चालू असताना तिच्या नाकात अमोनियाचा झोत सोडायचे, म्हणजे चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या वेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस जागी होते. त्या महिन्यात तिला आपोआप तीन अटॅक आले आणि तिने त्यांवर औषध घेतलं नाही. दुखणं सुरू व्हायच्या आधीच्या २४ तासांतच तिच्या हायपोथॅलॅमसचं वागणं बदललेलं होतं, आणि ट्रायजेमिनल नसेचे संदेश ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, जिथे पहिल्यांदा पोचतात त्या केंद्राशी त्याची जोडणी वाढलेली होती. प्रत्यक्ष डोकं ठणकत असताना हीच जोडणी ब्रेनस्टेममधल्या वेगळ्या भागाकडे वळली. पुढे याच गटाने आणखी काही रुग्णांचे असेच रोजचे स्कॅन केले आणि हायपोथॅलॅमसची ही आगाऊ हालचाल त्यांतही दिसली.

हायपोथॅलॅमस म्हणजे भूक, तहान, झोप, हार्मोन्स आणि शरीराचं तापमान सांभाळणारी जागा. अटॅकच्या आदल्या दिवशी पुष्कळ रुग्णांना सारख्या जांभया येतात, मान आखडते, काहीतरी गोड खावंसं वाटतं, उगाच चिडचिड होते. आता घराघरात काय बोललं जातं ते आठवा. "काल केवढं चॉकलेट खाल्लंस, मग दुखणारच." "दिवसभर चिडचिड केलीस ना, भोग आता." या बोलण्यात दुखण्याची जबाबदारी दुखणाऱ्यावर टाकलेली असते. निदान काही वेळा तरी क्रम उलटा असतो. अटॅक आतून सुरू झालेला असतो, आणि गोड खाण्याची ओढ व ती चिडचिड ही त्याची पहिली पावलं असतात. प्रत्येक निमित्ताला हे लागू पडत नाही. जागरण, उपाशी राहणं, पाळीच्या आसपासचे दिवस ही खरीखुरी निमित्तं आहेतच. पण ज्या बाईला वर्षानुवर्षं 'तूच ओढवून घेतेस' म्हणून ऐकवलं, तिला हा एक निष्कर्ष कळला तरी मनावरचं केवढं ओझं उतरेल. या संशोधनाचा मला दिसणारा सर्वांत मोठा सामाजिक उपयोग हा आहे.

आमच्या घरी या आजाराला कित्येक वर्षं 'पित्त' म्हणायचे. आईचं पित्त उसळलं की तिला फोडणीचा वास सहन व्हायचा नाही. मोहरी तडतडायला लागली की ती स्वयंपाकघरातून उठून पार मागच्या खोलीत जायची, दिवा घालवून भिंतीकडे तोंड करून पडायची. उलटी झाली की जरा बरं वाटायचं, म्हणजे पित्तच, असा सगळ्यांचा हिशेब. फ्रिजवर पित्ताच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. अंधार हवासा वाटणं, आवाज आणि वास नकोसे होणं, मळमळ, उलटी, हालचाल केली की ठणका वाढणं, हे सगळं मायग्रेनच्या व्याख्येशी किंवा तिच्या शेजारपाजारच्या लक्षणांशी जुळतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. अशा चुकीच्या पाट्या जगभर लागतात. अमेरिकेत २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला 'सायनसची डोकेदुखी' आहे असं मानणाऱ्या किंवा तसं निदान झालेल्या २,९९१ जणांना नीट तपासलं, तर त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. आपल्याकडे पित्त, सायनस, चष्म्याचा नंबर आणि 'टेन्शन' या चार पाट्यांखाली किती मायग्रेन दडलेलं असेल!

आणि हे दडलेलं थोडंथोडकं नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी कर्नाटकात शहरी आणि ग्रामीण घरांतून जाऊन केलेल्या पाहणीत, १८ ते ६५ वयाच्या दर चार माणसांमागे साधारण एकाला वर्षभरात मायग्रेन झालेलं आढळलं. नेमका आकडा २५.२ टक्के. जगाची सरासरी सातात एकाच्या आसपास धरतात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असतं. माणसाची निरोगी वर्षं हिरावणाऱ्या कारणांची जागतिक मोजदाद होते तीत २०१९ साली अपंगत्व आणणाऱ्या आजारांत मायग्रेन दुसऱ्या क्रमांकावर आलं, आणि तरुण स्त्रियांमध्ये पहिल्या.

एवढा मोठा आजार असेल तर तो ओळखायला मोठं यंत्र हवं, असं वाटणं स्वाभाविक आहे. मायग्रेनचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. कार्ल लॅश्ली हे अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ. त्यांना स्वतःला अटॅकआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा आणि त्यांच्याआड एक आंधळा ठिपका दिसायचा. तो ठिपका दर काही मिनिटांनी केवढा झाला आणि कुठे सरकला याची ते चित्रं काढत. त्यावरून १९४१ मध्ये त्यांनी हिशेब मांडला की मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे. १९४४ मध्ये आरिस्तिदेस लेआओ या ब्राझीलच्या तरुण संशोधकाला सशाच्या मेंदूवर तशीच सावकाश पसरणारी लाट सापडली. आणि २००१ मध्ये अटॅक चालू असतानाच्या एफएमआरआयमध्ये (मेंदूचं कामकाज टिपणाऱ्या एमआरआयमध्ये) माणसाच्या मेंदूवरून ती लाट सरकताना दिसली, वेग मिनिटाला ३.५ मिलिमीटर. रुग्णाने आपल्या दुखण्याकडे नीट पाहून कागदावर उतरवलेलं पडताळायला यंत्राला साठ वर्षं लागली.

मुंबईचंही एक उदाहरण आहे आणि ते मला फार जवळचं वाटतं. डोक्यावरून न्हायलं की डोकं उठतं, असं आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतल्या निमित्तांच्या याद्यांत हे नव्हतं. मुंबईतले डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली, आणि केस धुणं हे मायग्रेनचं निमित्त ठरू शकतं हे वैद्यकीय साहित्यात नोंदलं गेलं. बायका बोलल्या, एका डॉक्टरने ते ऐकून घेतलं आणि मोजून लिहून ठेवलं. यासाठी कोणाला यंत्रात झोपवावं लागलं नाही.

आता जोडण्यांच्या संशोधनाची दुसरी बाजू. गेल्या दोन दशकांत मायग्रेनच्या रुग्णांमध्ये थॅलॅमस आणि इन्सुला हे वेदनेच्या जाणिवेशी संबंधित भाग, वेदनेला आवर घालणारा मेंदूच्या मध्यभागातला करडा भाग, स्वस्थ असताना चालणारं जाळं, लक्ष वेधून घेणारं जाळं, अशा कितीतरी ठिकाणी जोडण्या बदललेल्या आढळल्या. पण एका गटाला जिथे जोडणी वाढलेली दिसते, तिथेच दुसऱ्याला ती घटलेली दिसते. याला कारणं आहेत. मायग्रेनचा मेंदू रोज एकसारखा नसतो. अटॅकनंतर दोन दिवसांनी काढलेला स्कॅन आणि पुढच्या अटॅकच्या आदल्या दिवशी काढलेला स्कॅन वेगळा येतो, आणि पुढचा अटॅक कधी येणार हे स्कॅनच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतं. रुग्ण वेगवेगळी औषधं घेत असतात. यंत्रात डोकं किंचित हललं तरी आकडे बिघडतात. शिवाय माणसं थोडी असतात. मेंदूची रचना किंवा जोडण्या आणि माणसाचे गुणविशेष यांचा संबंध भरवशाने सांगायचा तर हजारो माणसं लागतात, असं २०२२ मध्ये 'नेचर'मधल्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवलं. तोवर अशा अभ्यासांतली माणसांची नेहमीची संख्या पंचविसाच्या आसपास होती. आणि बदललेली जोडणी हे दुखण्याचं कारण की वर्षानुवर्षं दुखत राहिल्याचा परिणाम, हे एकदाच काढलेल्या स्कॅनवरून सांगता येत नाही.

तरीही ओढ आहे ती निदानाच्या यंत्राची. अमेरिकेतल्या एका गटाने २०१७ मध्ये ५८ मायग्रेनचे रुग्ण आणि ५० निरोगी माणसं यांचे स्कॅन संगणकाला शिकवले. कोण रुग्ण आणि कोण निरोगी हे संगणकाने ८६ टक्के वेळा बरोबर सांगितलं. आकडा मोठा वाटतो. पण दवाखान्यात प्रश्न 'रुग्ण की धडधाकट' असा नसतोच. तिथे बसलेल्या प्रत्येकाचं डोकं दुखत असतं, आणि हे मायग्रेन की दुसरं काही, ते ठरवायचं असतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच अभ्यासात पुढे आहे. ज्यांना १४ वर्षांहून जास्त काळ मायग्रेन होतं, त्यांना संगणकाने जास्त अचूक ओळखलं. जुनाट रुग्ण चटकन ओळखू यावा आणि नव्याने दुखायला लागलेली सोळा वर्षांची मुलगी निसटावी, असं यंत्र नेमक्या गरजेच्या जागी तोकडं पडतं.

रुग्णांच्या बाजूने एक युक्तिवाद होतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. "डॉक्टर, काहीतरी दिसू दे त्यात, म्हणजे घरच्यांना पटेल," असं म्हणणारी माणसं आहेत. स्कॅनमध्ये रंगीत ठिपका दिसला की लोकांचा विश्वास बसतो, हे खरंच आहे. पण एकदा विश्वासाची किल्ली यंत्राकडे दिली की ज्यांच्या स्कॅनमध्ये काही दिसणार नाही त्यांचं काय? आज त्यांना 'एमआरआय नॉर्मल आहे' म्हणून गप्प बसवतात, उद्या 'जोडण्याही नॉर्मल आहेत' म्हणून बसवतील. आणि ज्यांच्या तालुक्यात असलं यंत्रच नाही, त्यांचं दुखणं तर मोजणीतच येणार नाही.

स्कॅनचा अतिरेक निरुपद्रवीही नसतो. लक्षणं मायग्रेनच्या व्याख्येत चपखल बसत असतील, वर्षानुवर्षं तशीच असतील आणि तपासणीत काही वावगं नसेल, तर एमआरआय किंवा सीटी काढू नये, असं अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१३ मध्येच डॉक्टरांना सांगितलं. अचानक क्षणार्धात कळसाला पोचलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, ताप आणि मान ताठरणं, हातापायांतली ताकद जाणं किंवा बोलणं अडखळणं, कर्करोगाचा पूर्वेतिहास, गरोदरपण किंवा बाळंतपणानंतरचे दिवस, यांत तातडीने तपासायलाच हवं; तिथे हयगय नको. पण इतरांच्या स्कॅनमध्ये बरेचदा सापडतात ते बारीक पांढरे ठिपके. नेदरलँड्समधल्या पाहणीत मायग्रेनच्या रुग्णांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, ते जास्त आढळले. नऊ वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा स्त्रियांमध्ये ठिपके वाढले होते, पण बुद्धीवर त्यांचा परिणाम दिसला नाही. रिपोर्टमधली ती एक ओळ वाचून "माझ्या मेंदूत डाग आहेत" म्हणत रात्री जागून काढणारी माणसं मी पाहिली आहेत. डोकेदुखीच्या रुग्णाने झोप घालवणं म्हणजे दुसरा अटॅक बोलावणं.

या सगळ्यात दुर्लक्ष होतं ते मेडिकलच्या काउंटरवर मिळणाऱ्या गोळ्यांकडे. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (मायग्रेनचा अटॅक थांबवणारी खास औषधं) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. मागच्या महिन्यात किती दिवस गोळी घेतली, हे विचारायला एक मिनिट पुरतं. बहुतेक ठिकाणी ते विचारलंच जात नाही.

म्हणून पैसा आणि वेळ कुठे घालावा, याबद्दल माझी मागणी स्पष्ट आहे. गावपातळीवर तीस वर्षांवरच्या माणसांचा रक्तदाब, साखर आणि काही कर्करोगांची तपासणी होते, त्यासाठी आशाताई घरोघरी जातात. त्याच भेटीत डोकेदुखीचे तीन प्रश्न विचारता येतील. डोकं दुखताना मळमळतं का? उजेड खुपतो का? गेल्या तीन महिन्यांत एखादा दिवस तरी कामं बंद पडली का? हे तीन प्रश्न २००३ मध्ये पारखून घेतलेले आहेत. दोनांची उत्तरं 'हो' आली तर मायग्रेनची दाट शक्यता धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावं. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला डोकेदुखीचं थोडं नेमकं प्रशिक्षण असावं आणि कपाटात औषधं असावीत. प्रोप्रॅनोलॉल आणि ॲमिट्रिप्टिलिन ही अटॅक कमी करणारी जुनी, स्वस्त औषधं आहेत. अटॅक आल्यावर घ्यायचं सुमाट्रिप्टान हे ट्रिप्टान गटातलं औषध २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. एका एमआरआयच्या पैशात रुग्णाची कित्येक महिन्यांची प्रतिबंधक गोळी निघते.

राहिला प्रश्न रजेचा आणि सवलतींचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुनाट मेंदूविकारांचा समावेश आहे, पण नावानिशी येतात ते मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन्स. शिवाय लाभांसाठी चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. आज ठणठणीत आणि उद्या दिवसभर अंधारात, अशा आजाराची टक्केवारी कशी काढणार? त्या चौकटीत मायग्रेन कोंबण्यापेक्षा कार्यालयांनी आणि शाळांनी आपापले साधे नियम करावेत. अटॅकच्या दिवशी अर्धी रजा, पडून राहायला मंद उजेडाची शांत जागा, परीक्षेच्या मध्येच दुखायला लागलं तर थोडा जास्त वेळ. "मग काय, कोणीही उठून डोकं दुखतंय म्हणेल," ही शंका येणारच. जुलाब आणि पाठदुखीची रजा आपण शब्दावरच देतो, तिथे कोणी स्कॅन मागत नाही. आणि खोटं शोधायचंच असेल तर डायरी फार बोलकी असते: कोणत्या तारखेला, किती वाजता, किती तास, कोणती गोळी, पाळी कधी. कोणाला तीन महिने ती मनाने रचणं सोपं नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि अशी तीन महिन्यांची डायरी, एवढ्यावर मुख्याध्यापकांना किंवा कार्यालयातल्या साहेबांना निर्णय घेता यावा, आणि नियमात तसं लेखी असावं.